चौतीस व्यंजनं आणि एक शून्य

दिवाळीत रिद्धपूरला मामाकडे गेलो होतो. गोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांची काशी, आणि २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठाचंही गाव. मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या त्याला महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांचं वेड लागलंय. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर लिहायचं, म्हणजे बाहेरच्याला पोथी वाचता येणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी ती उलगडली तोवर ते कुलूप टिकलं.

भावाचा प्रश्न साधा होता. क पासून ळ पर्यंतची ३४ व्यंजनं आपापसांत किती प्रकारे बदलता येतील? उत्तर ३४ चा फॅक्टोरियल, म्हणजे १ ते ३४ चा गुणाकार. त्याने जावात पाच ओळी लिहिल्या आणि मला हाक मारली, "दादा, हे तर शून्य येऊन राह्यलं नं!"

शून्य! ना एरर, ना वॉर्निंग.

कारण गमतीचं आहे. १ ते ३४ च्या गुणाकारात २ हा अवयव बरोबर ३२ वेळा येतो, त्यामुळे उत्तराचे शेवटचे ३२ बिट शून्य. आणि 'इंट' तेवढेच ३२ बिट ठेवतो, वरचे सगळे फेकून देतो! खरं म्हणजे प्रोग्राम १३ लाच घसरला होता. उत्तर हवं ६२२७०२०८००, छापलं १९३२०५३५०४. शून्य निदान डोळ्यांत खुपतं, हा आकडा तर कुणालाही खरा वाटेल.

आता नेहमीचं उत्तर येणार: "डेटा टाइप नीट निवडायला हवा होता." ठीक. 'लाँग' घेतला. आलं ४९२६२७७५७६६९७०५३१८४. छान, १९ अंकी, धन आणि साफ खोटं! खरं उत्तर ३९ अंकी आहे. पायथॉनमध्ये तोच हिशोब केला, तर काहीही न निवडता मिळालं:

२९५२३२७९९०३९६०४१४०८४७६१८६०९६४३५२०००००००

माझं भांडण इथेच आहे. शाळेत शिकलेला पूर्णांक कधी संपत नाही. मग भाषेतला पूर्णांक संपणारा असेल, तर संपताना त्याने निदान ओरडावं की नाही?

"चांगल्या प्रोग्रामरला हे माहीत असतं" हा युक्तिवाद तर मला मुळीच पटत नाही. जावाच्या लायब्ररीतला बायनरी सर्च जोशुआ ब्लॉक यांनी लिहिलेला. मधला इंडेक्स काढताना केलेली दोन इंटची बेरीज मोठ्या अ‍ॅरेवर ओव्हरफ्लो होते, हे त्यांनी स्वतःच २००६ मध्ये जाहीर केलं. तोवर तो बग सुमारे नऊ वर्षं तिथे होता. ब्लॉक यांच्या हातून निसटतं, तिथे दुसऱ्या वर्षाच्या पोराला काय म्हणून बोलायचं?

राहिला वेग. मान्य, पायथॉनचे पूर्णांक हळू चालतात. व्हिडिओ, गेम, सिम्युलेशन यांना ठरावीक बिटांचे आकडे लागतातच. ज्याला लागतात त्याने ते मागून घ्यावेत. आज उलटं आहे: चुकीचं पण वेगवान उत्तर फुकट, आणि बरोबर उत्तरासाठी 'बिगइंटिजर' आठवून लिहायचं, नाहीतर २०१४ मध्ये जावा ८ सोबत आलेलं 'मल्टिप्लायएक्झॅक्ट', जे ओव्हरफ्लो झाल्यावर निदान थांबतं. आपण लिहितो त्यातल्या बहुतेक कोडचा वेळ डेटाबेस आणि नेटवर्कची वाट बघण्यात जातो. तिथे गुणाकाराचे दोन नॅनोसेकंद वाचवून कुणाचं भलं होतंय?

सकळ लिपीतलं अक्षर बदललेलं असलं तरी हरवलेलं नव्हतं. किल्ली मिळाली की पोथी जशीच्या तशी वाचता येते. फेकून दिलेल्या बिटांना किल्ली नसते.

असो. भावाला सांगितलं, हिशोब आधी पायथॉनमध्ये कर, मग जावात. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर मला फोन कर. आणि कॉलेजमध्ये ते शून्य नक्की दाखव.