संरक्षण कुणाचे, कुणाकडून?

मराठीत ‘संरक्षण’ हा एकच शब्द दोन इंग्रजी शब्दांचे ओझे वाहतो : ‘डिफेन्स’ आणि ‘प्रोटेक्शन’. पहिल्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ परतवून लावणे, दुसऱ्याच्या मुळाचा अर्थ पुढून झाकणे. परतवणारा स्वतःच्या पायांवर उभा असतो. झाकला जाणारा दुसऱ्याच्या छायेत. हा निव्वळ शब्दच्छल आहे असे मानणाऱ्या विद्वानांनी पनवेलजवळचा कर्नाळा एकदा पाहून यावा.

१६५७ साली शिवछत्रपतींनी जिंकलेला हा दुर्ग १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला. पण महाराजांनी स्वतःचे सैन्य राखले, स्वत्व राखले आणि १६७० मध्ये कर्नाळा पुन्हा स्वराज्यात आणला. याचे नाव डिफेन्स!

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला कंपनीशी तह केला. कागदावर शब्द होते ‘डिफेन्सिव्ह अलायन्स’. आत होते केवळ प्रोटेक्शन. कंपनीचे किमान सहा हजार पायदळ कायमचे पोसायचे, त्यासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा आणि इंग्रजांना विचारल्यावाचून अन्य सत्तांशी बोलणीही करायची नाहीत! होळकरांच्या भयाने मागितलेल्या या छत्राने अखेर राज्यच गिळले. १८१८ मध्ये कर्नाळा पडला तो होळकरांच्या हातून नव्हे, तर रक्षणकर्त्या कंपनीच्याच फौजेकडून.

पनवेल तालुक्यातील शिरढोणला १८४५ साली वासुदेव बळवंत फडके जन्मले. पुण्यात इंग्रजांच्या लष्करी हिशेब कचेरीत नोकरी करणाऱ्या या कारकुनाने त्या ‘संरक्षणा’चे खरे मोल ओळखले आणि १८७९ मध्ये शस्त्र उचलले. १८८३ मध्ये एडनच्या बंदिवासात त्यांनी देह ठेवला.

हा इतिहास शिळा झालेला नाही. १९९४ च्या बुडापेस्ट करारान्वये अण्वस्त्रे सोडणाऱ्या युक्रेनच्या हाती ‘गॅरंटी’ नव्हे, ‘अ‍ॅशुरन्स’ पडला. त्याची किंमत २०१४ आणि २०२२ मध्ये जगाने पाहिली. भारताने १९९८ मध्ये पोखरणला कुणाचे छत्र मागितले नाही, स्वतःची ढाल घडवली. त्या वेळी निर्बंधांच्या धाकाने गळाठलेले शांतिदूत आज कुठे आहेत?

मित्रराष्ट्रे अवश्य असावीत, शस्त्रेही प्रसंगी विकत घ्यावीत. पण सुटे भाग आणि दारूगोळा ज्याच्या मर्जीवर, युद्धही त्याच्याच मर्जीवर. म्हणून संरक्षणाच्या प्रत्येक करारावर सही करण्यापूर्वी दिल्लीने एकच प्रश्न विचारावा : हा पुरंदर आहे की वसई?