आधी माऊस, मग मशीन!

प्रोटीन क्रिस्टलोग्राफीची लॅब काढायची म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते... मोठ्ठं एक्स-रे मशीन! मग कोटींची भाषा सुरू होते, प्रपोजल जातं आणि पैसे येईपर्यंत दोन-तीन बॅचेस पास आऊट होतात. तोपर्यंत बी.ई.च्या मुलांचा प्रोजेक्ट म्हणजे नेटवरून कॉपी-पेस्ट! माझं स्पष्ट मत आहे की हा क्रमच उलटा आहे. मशीन सगळ्यात शेवटी घ्यावं, किंवा घेऊच नये.

कारण खरी अडचण क्रिस्टल मिळवण्यात आहे. प्रोटीनच्या एकट्या रेणूकडून मोजण्याइतका सिग्नल मिळत नाही. असंख्य रेणू एकसारखे रांगेत बसले, तरच काम होतं. त्यासाठी लागतं काय? २४ खळग्यांची प्लेट, काचेच्या कव्हर स्लिप्स, ग्रीस, अचूक मायक्रोपिपेट, बरा मायक्रोस्कोप आणि नीट कॅलिब्रेट केलेला पीएच मीटर. हात बसवायला अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम घ्या. मिठाच्या द्रावणात त्याचे क्रिस्टल एका रात्रीतही येतात. आलेला क्रिस्टल मिठाचा की प्रोटीनचा, हे सुईने दाबून बघायचं. प्रोटीनचा असेल तर सहज चुरा होतो, मिठाचा कडक असतो.

दुसरी गोष्ट तापमान. संध्याकाळी शिपाईमामांनी एसी बंद केला की ड्रॉपचं गणित बिघडतं. तेव्हा इन्क्युबेटर घ्या आणि त्याला इन्व्हर्टर जोडा. हे काम तर आपली इलेक्ट्रिकलची मुलंसुद्धा करतील! लिक्विड नायट्रोजन मात्र बंद खोलीत नको. एक लिटरचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो आणि खोलीतला ऑक्सिजन कमी पडतो. त्याचं भांडं घट्ट बंद करायचं नाही, आणि गॉगल-हातमोजे हवेतच.

आता सॉफ्टवेअर. इथे तर पैशाचं कारण चालतच नाही. डेटा प्रोसेस करायला एक्सडीएस किंवा डायल्स, पुढच्या कामाला सीसीपी४ किंवा फिनिक्स, मॉडेल बांधायला कूट. कॉलेजातल्या शिक्षणासाठी हे सगळं फुकट आहे. एक्सडीएस विंडोजवर थेट चालत नाही, म्हणून एका पीसीवर लिनक्स टाकाच. आणि कूटसाठी तीन बटणांचा माऊस घ्या! मधल्या बटणाने अणू मध्यभागी येतो, चाकाने मॅपची पातळी बदलते. लॅपटॉपच्या टचपॅडवर हे करणं म्हणजे शिक्षा आहे. डेटाच्या दोन कॉपी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या खोलीत.

डिटेक्टरला किरणांची तीव्रता कळते, फेज कळत नाही. ती काढण्यासाठी अनेकदा मिळत्याजुळत्या प्रोटीनचं मॉडेल वापरतात. २०२१ पासून अल्फाफोल्डची मॉडेल्स फुकट मिळत असल्यामुळे हे खूप सोपं झालं आहे. पण ते भाकीत आहे, मोजमाप नाही, हे विसरू नये.

मग एक्स-रे कुठून आणायचे? इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे आणि त्यावर खास प्रोटीन क्रिस्टलोग्राफीसाठी बीमलाइन आहे. क्रिस्टल तयार असतील तर बीमटाइमसाठी अर्ज करता येतो. क्रिस्टलच नसतील, तर दारातल्या मशीनवरही प्लास्टिकचं कव्हरच राहणार.

आपल्याकडे साधनं नाहीत, असं म्हणण्याआधी एवढं आठवावं : जी. एन. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसोबत १९६३ साली मद्रासमधून जो रामचंद्रन प्लॉट दिला, त्यावर आजही जगभर प्रोटीनची मॉडेल्स तपासली जातात.

सर आणि मॅडमना एकच विनंती. पुढच्या सेमला आम्हाला एक कपाट, एक इन्क्युबेटर, दोन लिनक्स पीसी आणि लायसोझाइमची एक बाटली द्या. प्रोटीन डेटा बँकेतली जुनी स्ट्रक्चर्स घेऊन सराव आम्ही आजपासूनच करू शकतो. मशीनचं प्रपोजल सावकाश जाऊ दे!

— टी.ई. बायोटेक्नॉलॉजी