गाडीचं नव्हे, इंजिनाचं नाव विचारा

रायपूर सोडून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की भनपुरी येते. कारखाने, गोदामं आणि जवळच रावाभाठ्याचं ट्रान्सपोर्ट नगर. ट्रकांच्या या दुनियेत सुट्या भागांच्या दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ''इंजन कौन सा है?'' गाडीचा रंग, मालकाचं नाव, ती किती पळाली, हे सगळं नंतर. क्लीनर म्हणून लागलेलं पोरगंही चार महिन्यांत ''697'' असं उत्तर द्यायला शिकतं.

697 हा आकडा बोलका आहे. पहिला 6 म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा व्यास 97 मिलिमीटर. त्याच घराण्यातलं 497 म्हणजे त्याच व्यासाचे चार सिलिंडर. टेल्कोने 1954 साली जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. करार 1969 साली संपला, पण त्या जर्मन इंजिनाचा 97 मिलिमीटरचा व्यास टाटांच्या ट्रकमध्ये पुढे कित्येक वर्षं टिकून राहिला. ट्रकच्या दारावरचा 1613 हा आकडा मात्र इंजिनाचा नव्हे, गाडीचा. 16 टन एकूण वजन आणि 130च्या आसपास अश्वशक्ती असा त्याचा अर्थ. आत 697 आहे की कमिन्सचं 6बीटी, हे दार सांगत नाही. म्हणून तर तो पहिला प्रश्न.

ट्रकवाल्याला जे ठाऊक असतं ते मोटार घेणाऱ्या शिकल्यासवरल्या कुटुंबाला बहुधा ठाऊक नसतं. जुनी गाडी बघायला गेलेली मंडळी मॉडेल कितीचं, किती किलोमीटर पळाली, मायलेज काय देते, एसी गार करतो का, एवढं विचारतात. मुलं मागच्या सीटवर बसून पाहतात. बॉनेट उघडलं जातं खरं, पण इंजिन धुऊन चकचकीत केलेलं दिसलं की सगळ्यांचं समाधान होतं. (चकचकीत इंजिन पाहून खरं तर शंका यायला हवी. गळणारं तेल पुसून काढायला तासभर पुरतो.)

रायपूरच्या मराठी घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. नागपूर, गोंदिया, भंडारा इथे सोयरीक असते, येणंजाणं असतं. नागपूरला बाजार मोठा, गाड्या जास्त, म्हणून ''तिकडूनच एखादी चांगली बघून द्या ना'' असं मामांना किंवा जावईबापूंना सांगितलं जातं. गाडी एमएच 31ची, राहणार सीजी 04च्या मुलखात. व्यवहार नात्यातल्या माणसाच्या भरवशावर होतो, पैसे रोख जातात आणि कागद सावकाश बघू म्हणून डिकीत राहतात. पुढे रायपूरच्या आरटीओत नवीन नोंदणीसाठी गाडी उभी केली, तिथे इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी जुळला नाही, की मग डोळे उघडतात. तोवर पैसे गेलेले असतात आणि नात्यात कडवटपणाही आलेला असतो. हे टाळायला मेकॅनिक असावं लागत नाही. सहा-सात अक्षरं वाचता आली म्हणजे पुरे.

कोड वाचायचा कसा?

भारतातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात मारुतीचा वाटा मोठा, म्हणून तिचाच कोड आधी शिकावा. मारुतीची इंजिनं मूळ जपानच्या सुझुकीची, आणि सुझुकीची नाव ठेवण्याची रीत सरळ आहे. पहिलं अक्षर इंजिनाच्या घराण्याचं, मधला आकडा शेकड्यातल्या सीसीचा, शेवटचं अक्षर त्या घराण्यातल्या भावंडाचं.

14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या मारुती 800ची किल्ली दिल्लीत दिली गेली. त्या गाडीत होतं एफ8बी. एफ घराणं, सुमारे 800 सीसी, बी हा अवतार. नेमकं बोलायचं तर 796 सीसी. ओम्नीतही हेच. 1985ची जिप्सी आणि 1990ची मारुती 1000 यांत एफ10ए, म्हणजे 970 सीसी. 1993च्या झेनमध्ये जी10बी, 993 सीसी. 1994च्या एस्टीममध्ये जी13बी, 1298 सीसी. 2000च्या ऑल्टोत एफ8डी.

इथे एक गंमत आहे. एफ8डीमध्ये तीन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 68.5 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 72 मिलिमीटर. या मापाचा आणखी एक सिलिंडर जोडला की 796चे 1061 सीसी होतात, आणि तेच वॅगन-आरचं एफ10डी. कागदावर गुणाकार करून पाहिला तरी पटेल. मात्र 1061ला कोडमध्ये 10 म्हटलं आणि 970लाही 10च म्हटलं, हे लक्षात ठेवायला हवं. मधला आकडा अंदाज देतो, माप देत नाही.

शेवटच्या अक्षराकडे तर कुणी बघतच नाही. एफ8बी आणि एफ8डी दोन्ही 796 सीसीची, तीन सिलिंडरची. पण पहिल्यात प्रत्येक सिलिंडरमागे दोन व्हॉल्व्ह, दुसऱ्यात चार. एकाचं हेड दुसऱ्यावर बसत नाही. एस्टीमच्या जी13बी आणि जी13बीबी यांत फरक एका 'बी'चा, पण पहिलं 8 व्हॉल्व्हचं कार्बोरेटरवालं आणि दुसरं 16 व्हॉल्व्हचं, इंजेक्शनवालं. 'एस्टीमचं हेडगॅस्केट द्या' एवढंच सांगून घेतलेला भाग परत करायला जावं लागतं ते यामुळे. आणि वीजेचा किंवा इंजिनाचा भाग एकदा खोक्यातून काढला की दुकानदार परत घेईलच असं नाही.

नाव तेच, इंजिन निराळं

सर्वांत जास्त फसगत होते ती वॅगन-आरमध्ये. 2010 साली कंपनीने जुनं एफ10डी काढून नव्या वॅगन-आरमध्ये के10बी बसवलं. एक 1061 सीसीचं, चार सिलिंडरचं. दुसरं 998 सीसीचं, तीन सिलिंडरचं. त्यामुळे नुसतं '2010 मॉडेल' म्हटल्याने काहीच कळत नाही. झेन एस्टिलोतही आधी एफ10डी आणि 2009पासून के10बी. स्विफ्ट 2005 साली 1298 सीसीच्या जी घराण्यातल्या इंजिनासह आली आणि 2010 साली तिच्यात 1197 सीसीचं के12एम बसलं. ऑल्टो या एकाच नावाखाली तर एफ8डी, एफ10डी, के10बी आणि 2022पासून के10सी अशी चार इंजिनं येऊन गेली.

घराण्याच्या अक्षराचा खिशाशी थेट संबंध आहे. एफ आणि जी घराण्यातल्या या इंजिनांत व्हॉल्व्ह चालवायला रबरी दात्यांचा टायमिंग बेल्ट असतो, के घराण्यात लोखंडी साखळी. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. तो तुटला तर गाडी असेल तिथे उभी राहते, आणि काही इंजिनांत दट्ट्या व्हॉल्व्हवर आदळून हेडचं कामही निघतं. जुनी गाडी विकणारा बेल्ट कधी बदलला याचं बिल क्वचितच दाखवतो. कोड एफ किंवा जीने सुरू होत असेल आणि बिल नसेल, तर बेल्ट बदलण्याचा खर्च भावातून वजा करून बोलणी करावीत. कोड के असेल तर त्या खर्चाची चिंता नाही. पण साखळीचं आयुष्य वेळेवर बदललेल्या तेलावर अवलंबून असतं, आणि गार इंजिन सुरू करताना होणारा साखळीचा खडखडाट कान देऊन ऐकावा. म्हणूनच गाडी बघायला जाताना ''इंजिन आधी गरम करून ठेवू नका'' असं फोनवरच सांगितलेलं बरं.

डिझेल घेणाऱ्यांनी डी13ए हा कोड ओळखून ठेवावा. हे 1248 सीसीचं इंजिन मूळचं इटलीच्या फियाटचं. मारुतीने 2007च्या डिझेल स्विफ्टमध्ये ते डीडीआयएस नावाने आणलं. फियाटच्या स्वतःच्या पुंटो आणि लिनियात ते मल्टिजेट, टाटांच्या इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट. तीन दुकानं, तीन पाट्या, कारागीर एकच. 2012 साली मागणी इतकी वाढली होती की मारुतीने पुण्याजवळच्या रांजणगावच्या फियाट कारखान्यातून वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं घेण्याचा करार केला. एप्रिल 2020मध्ये नवे प्रदूषणनियम लागू होताना मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. तेव्हा आज बाजारात दिसणारी प्रत्येक डिझेल स्विफ्ट त्याआधीची आहे, विकणारा काहीही म्हणो.

नव्या गाड्यांतही कोड कामाला येतो. 2024च्या स्विफ्टमध्ये झेड12ई आलं. 1197 सीसी तेवढेच, पण के12च्या चार सिलिंडरऐवजी तीन. मात्र कोड हा काही ब्रह्मवाक्य नव्हे. 2021च्या सेलेरिओत के10सी आहे आणि 2023च्या फ्रॉन्क्सच्या टर्बो गाडीतही के10सीच. सीसी दोन्हीकडे 998. पण एक साधं आणि दुसरं टर्बोचं, भाग निराळे, तापमान निराळं. अशा ठिकाणी कोडबरोबर गाडीचं नाव आणि साल तिन्ही सांगावं लागतं.

आरसी आणि लोखंड

आता मूळ प्रश्न. इंजिनाचा नंबर सिलिंडर ब्लॉकवर कोरलेला असतो, बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स जिथे जोडला जातो त्या बाजूच्या सपाट जागेवर. नेमकी जागा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेली असते. मारुतीत हा नंबर कोडनेच सुरू होतो. पुढे मालिकेचे आकडे. आरसीवरही तोच नंबर हवा, विम्याच्या कागदावरही तोच. तिन्ही ठिकाणी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवावं. मोबाइलचा दिवा आणि जुना टूथब्रश एवढं सामान पुरतं.

आरसीवर आणखी दोन गोष्टी असतात ज्या बहुतेक लोक वाचत नाहीत. सीसी आणि सिलिंडरची संख्या. आरसी म्हणते 1061 सीसी, चार सिलिंडर, आणि ब्लॉकवर कोरलंय के10बी, तर ते इंजिन या गाडीचं नाही हे शेंडेफळही सांगेल. पुढचे आकडे जुळवत बसायचीही गरज नाही.

इंजिन बदललेलं आहे म्हणजे गाडी चोरीचीच, असं मात्र लगेच मानू नये. तेल संपून इंजिन जाम झालं, दुरुस्तीचा खर्च परवडेना, म्हणून अपघातात मोडलेल्या गाडीचं चांगलं इंजिन आणून बसवलं, असं प्रामाणिक माणसंही करतात. पण 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की असा बदल केल्यावर मालकाने 14 दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवावं आणि आरसीवर नोंद करून घ्यावी. नोंद झालेली असेल तर व्यवहाराला हरकत नाही. झालेली नसेल तर ती आधीच्या मालकाने त्याच्या नावावर, त्याच्या खर्चाने करून द्यावी, त्यानंतरच पैसे. ''नंतर बघू, आपलाच माणूस आहे'' हे उत्तर इथे चालवून घेऊ नये. जुळत नसलेल्या नंबराची गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनीसमोर आणि पोलिसांसमोर जाब द्यायचा तो नव्या मालकाने, मामांनी नव्हे.

नंबराची जागा घासलेली, आजूबाजूचं लोखंड जास्तच गुळगुळीत, आकडे वरखाली किंवा कमीजास्त खोल दिसले, तर मात्र चर्चा न करता चहा पिऊन परत यावं.

ब्लॉकनंतर चेसिस नंबर पाहावा. तो 17 अक्षरांचा असतो आणि त्याची सुरुवात कारखाना सांगते. मारुती असेल तर बहुधा एमए3, टाटा असेल तर एमएटी, ह्युंदाई असेल तर एमएएल. आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं त्यात कधीच वापरत नाहीत, कारण ती 1 आणि 0सारखी दिसतात. कागदावर 'ओ' लिहिलेला दिसला तर तो लिहिणाऱ्याचा घोटाळा किंवा त्याहून वाईट काहीतरी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेत इंजिन आणि चेसिस नंबर घालून गाडी चोरीच्या यादीत आहे का ते पाहता येतं.

नागपूरची गाडी रायपूरला आणायची तर तिथल्या आरटीओची फॉर्म 28ची ना-हरकत लागते आणि त्यावर चेसिस नंबराची पेन्सिल-प्रिंट द्यावी लागते, म्हणजे कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, रस्ताकर भरावा लागतो. ही प्रिंट एजंट काढून देईल म्हणून सोडू नये. गाडी पाहायला गेलेल्या माणसानेच ती समोर काढून घ्यावी आणि इंजिन नंबराचा फोटोही त्याच वेळी काढावा. नंतर सुटे भाग घ्यायला, मग ते नागपुरात असो की भनपुरीत, गाडीचं नाव सांगण्याऐवजी तो फोटोच काउंटरवर ठेवला की काम भागतं.