टाच आधी की बोटं आधी

आषाढ जवळ आला की पालखीच्या वेळापत्रकाशेजारी ‘माइंडफुल वॉकिंग’च्या शिबिरांच्या जाहिराती हटकून दिसू लागतात. मोबाइल बंद, तोंड बंद, आधी टाच टेका, मग बोटं, लक्ष श्वासावर. माझ्या चिडखोरपणाला सरावलेले वाचक पुढचं वाक्य ओळखतील: हे सगळं आपल्या वारीत आधीपासून आहे! पण मला तसं म्हणायचं नाही. वारीत हे नाहीच. तिथे आहे ते जवळजवळ याच्या उलट.

आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. या वाटेवर पावली, म्हणजे ठेक्यावर सगळ्यांनी मिळून टाकायची नाचरी पावलं, सुरू झाली की टाळकऱ्याच्या हाताला टाळ, तोंडाला अभंग आणि पायाला ठेका, अशी तिन्ही कामं एकदम लागतात. पाऊल चुकलं की नाही हे स्वतःच्या पायाकडे बघून कळत नाही. कान मृदंगाकडे आणि नजर समोरच्या रांगेकडे ठेवावी लागते. लक्ष पुरेपूर आहे, पण ते दुसऱ्याला दिलेलं आहे. म्हणूनच पावली ही प्रार्थना ठरते. शिबिरातला माणूस तासभर चालून पुन्हा स्वतःपाशीच पोचतो, आणि या पोचण्याची फी भरतो.

यावर कोणी बौद्ध परंपरेकडे बोट दाखवेल, आणि ते रास्तच आहे. ठरावीक अंतरात येरझाऱ्या घालत पावलाचं भान राखणं, म्हणजे चंक्रमण, ही फार जुनी साधना आहे; बोधगयेला महाबोधी मंदिरालगत बुद्धांच्या चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. तिथे लक्ष पावलावरच असतं. पण भिक्खूच्या त्या पावलामागे शील आहे, संघ आहे, विनयाचे नियम आहेत. शिबिरवाले त्यातली फक्त टाच उचलतात.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. एका ठेक्यावर पाऊल टाकून माणसं एक होतात का? इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवलं आहे, की त्यांच्या दिंडीतले ब्राह्मण आणि मराठा वारकरी चालत एकत्र, जेवत मात्र वेगळे. ठेका एक, पंगती दोन. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. शरीर एका लयीत आलं म्हणून मनातली उतरंड ढासळत नाही, हे मान्यच करायला हवं. मात्र ती विसंगती बाईंना डाचली ती सगळ्यांबरोबर चालल्यामुळे. डोळे मिटून आपलाच श्वास मोजणाऱ्याच्या वाटेत शेजाऱ्याची पंगत येतच नाही, त्यामुळे त्याला काही डाचण्याचा प्रश्नही उरत नाही. अशा शांततेचं कौतुक मला तरी करवत नाही.

शिबिराला जायचं त्यांनी खुशाल जावं. चालणं तब्येतीला चांगलंच. पण पावली शिकायची असेल तर आषाढाचीही वाट बघू नका. जवळपास कुठे सप्ताह बसला असेल तर संध्याकाळी हरिपाठाला रांगेत उभे राहा. तिथे नावनोंदणी नसते, आणि टाच आधी की बोटं आधी, हे कोणी विचारत नाही.