तुइना, अभ्यंग आणि आपल्या तेलाच्या बाटल्या

पाळीव प्राण्यांच्या सांधेदुखीवर ‘तुइना’ या चिनी मर्दनपद्धतीचा उल्लेख निघाला, की ‘हे तर आपले अभ्यंगच!’ असे उद्गार आपल्या व्यवसायबंधूंच्या तोंडून सहज निघतात. आम्हांस हे साम्य वरवरचे वाटते. आणि त्यावर विसंबून कोणी कपाटातील बाटली काढून दिली, तर ते घातकही ठरेल.

‘तुइ’ म्हणजे ढकलणे, ‘ना’ म्हणजे पकडणे. दाबणे, चोळणे, मळणे, कण्यालगतची त्वचा चिमटीत उचलत नेणे, अवयव हळुवार ताणणे या क्रिया प्राण्याच्या केसाळ अंगावर कोरड्या हातानेच केल्या जातात. अस्थिभंग, ज्वर वा व्रण असता त्या वर्ज्य होत. आपल्या अभ्यंगाचा प्राण मात्र स्नेह. मनुष्य तेल लावून स्वस्थ बसतो. कुत्री-मांजरे ते चाटून काढतात. वेदनाशामक म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक तेलांत कापूर व गंधपुऱ्याचे तेल असते. गंधपुऱ्यातील मिथाइल सॅलिसिलेटचा निचरा मांजराचे यकृत फार सावकाश करते, त्यामुळे अल्प मात्राही विषासमान ठरू शकते. कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात.

आपल्याकडे परंपरा नाही असे नव्हे. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापला. अश्ववैद्यकात शालिहोत्राचे नाव अग्रगण्य आहे. परंतु हत्ती काही अंगावरचे तेल चाटत बसत नाही! चिनी लोकांपाशीही यू बंधूंचा १६०८ चा अश्वचिकित्साग्रंथ आहे. मात्र ते त्याच्या अभिमानावर थांबले नाहीत. फ्लोरिडात १९९८ मध्ये स्थापन झालेली ची इन्स्टिट्यूट ही संस्था अॅक्युपंक्चरासोबत तुइनाही पशुवैद्यकांना शिकवू लागली. तुइनाचे सारे दावे सिद्ध झाले आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण ती विद्या पशुशरीर जाणणाऱ्यांच्या हाती सोपविली गेली, हे महत्त्वाचे.

आपल्या देशात तर भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० अन्वये पशुचिकित्सेचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकांकडेच राखलेला आहे. किरकोळ सेवांची जी सवलत राज्य शासन देऊ शकते, तीही त्यांच्याच देखरेखीखाली. वैद्य म्हणून आपली नोंदणी माणसांपुरती आहे.

तेव्हा कुत्र्याच्या कमरेसाठी तेल मागणाऱ्या ग्राहकास औषधालयचालकांनी बाटली न देता पशुवैद्यकाचा पत्ता द्यावा. ज्या वैद्यांना या विषयात खरोखर रस आहे, त्यांनी जवळच्या पशुवैद्यकासमवेत बसून आपल्या एकेका तेलाचे घटक तपासावेत, आणि ते चाटले गेल्यास काय होईल, हा प्रश्न सर्वांआधी विचारावा.