आत्म्याचा हिशेब ठेवणार कोण?

अद्भुत कादंबऱ्या म्हणजे पोरखेळ, चळवळीतल्या बायकांनी त्यावर वेळ का दवडावा, असे आपल्यातल्या अनेकींना वाटते. पण आपल्या मुली ज्या गोष्टी आवडीने वाचतात, त्यांतून न्यायाची कोणती कल्पना त्यांच्या मनात रुजते, हे तपासायला नको का? सारा बेथ डर्स्ट या अमेरिकन लेखिकेची ‘रेस द सँड्स’ (२०२०) ही इंग्रजी कादंबरी त्यासाठी जरूर वाचावी.

कथा एका काल्पनिक वाळवंटी साम्राज्यातली. तिथे कर्माप्रमाणे पुढचा जन्म मिळतो. सर्वांत पापी आत्मा ‘केहॉक’ नावाचा राक्षसी पशू होतो आणि जन्मोजन्मी केहॉकच राहतो. या पशूंवर स्वार होऊन शर्यती लागतात. त्यांत स्वार जायबंदी होतात, मरतात. जिंकणाऱ्या स्वाराला बक्षीस मिळते आणि जिंकणाऱ्या केहॉकला पुन्हा माणूस होण्याची सवलत. त्यातच सम्राट वारला आहे. त्याचा आत्मा कोणत्या देहात गेला हे सापडेपर्यंत भावाला राज्याभिषेक नाही, आणि शेजारच्या राज्याशी युद्धाचे सावट दाटत चालले आहे.

या सगळ्यात दोन बायका आहेत. तामरा ही एकेकाळची विजेती स्वार, आता प्रशिक्षक आणि एकटी आई. मुलीच्या शिक्षणाचे पैसे थकले, तर मंदिर मुलीला तिच्यापासून तोडणार. दुसरी राया, आईबापांनी ठरवलेल्या लग्नातून पळालेली. ठरवलेला नवरा श्रीमंत, पण त्याने आधीच्या बायकोला मारले असे बोलले जाते. एकीला मूल राखायचे आहे, दुसरीला जीव. दोघींनाही त्यासाठी शर्यतच जिंकावी लागते. याला नुसते ‘मुलीचे धाडस’ म्हणून टाळ्या वाजवणे मला पटत नाही. दुसरी वाटच ठेवली नसेल, तर ती सक्ती असते.

ही सक्ती येते कुठून? त्या राज्यात आत्मा वाचण्याचा अधिकार मोजक्या आत्मवाचकांकडे आहे. कोण शुद्ध, कोण पापी, हे तेच सांगणार. सम्राटाची गादी आणि तामराचे घर, दोन्ही त्यांच्याच शब्दावर टांगलेली. त्यांच्यातला भ्रष्टाचार कादंबरी धीटपणे उघडा पाडते. इथवर आपण लेखिकेसोबत आहोत.

भांडण पुढे आहे. आत्मवाचक खोटे निघाले, तरी कर्माचा हिशेब मात्र कादंबरीत खराच राहतो. पापी आत्मा खरोखरच पशू होतो. कल्पित जगाला कल्पित नियम, त्यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे हा नियम कल्पित कधी होता? नवऱ्याशी एकनिष्ठ न राहणारी बाई कोल्ह्याच्या जन्माला जाते, असे मनुस्मृती सांगते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिचे दहन झाले, ते जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध. तरीही नवरा मारतो, मूल होत नाही, वैधव्य आले, की ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे उत्तर अजून तयारच असते. ते ऐकून बाई तक्रार नोंदवायला जात नाही, आणि मारणारा मोकळा राहतो. भ्रष्ट पुजारी हटवून सचोटीचा बसवला, म्हणून या उत्तरातला अन्याय कमी होत नाही.

शर्यतीचेही तसेच. एक केहॉक सुटतो, बाकीचे पिंजऱ्यात. एक राया पैसे जिंकते; आईबापांचा मुलीवरचा हक्क एवढ्याने कायद्यातून जात नाही. आपली मागणी एकीच्या सुटकेची कधीच नव्हती. युद्ध दाराशी आले की ‘बायकांचे प्रश्न नंतर’ असे सांगितले जाते. या कादंबरीत मात्र गादीचा प्रश्न आणि आईच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न एकाच सत्तेपाशी येऊन थांबतात. ते लेखिकेने नेमके ओळखले आहे.

म्हणून मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्या गटात, किशोरींच्या शिबिरात जरूर सांगा. पण राया जिंकली का, एवढ्यावर थांबू नका. हिशेबाची वही कोणी लिहिली, आणि ती कोणाच्या हातात आहे, हेही मुलींना विचारा.