माझं नाव यादीत टाका!

समजा, तुम्ही तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहात. तीन वर्षं पूर्ण झालीत, पगार १८ हजार. ऑर्डर घटल्या म्हणून एक शिफ्ट बंद होणार आणि तुमच्या सेक्शनमधला एक माणूस कमी होणार, अशी कुजबुज सुरू आहे. तुम्ही तसे सेफ आहात. जाणार तो तुमच्यानंतर आलेला मित्र. त्याच्या घरात दुसरं कुणी कमावत नाही. आणि तुम्हाला तर जूनपासून फुल टाइम पुढचं शिक्षण घ्यायचंच आहे. अशात टपरीवर चहा पिताना कुणीतरी म्हणतं, "मग तूच जा ना! एचआरला सांग, माझं नाव यादीत टाका. भरपाई मिळेल, वर ईएसआयकडून तीन महिने बेकारीचे पैसे. निवांत अभ्यास कर."

ऐकायला झकास वाटतं. मित्राची नोकरी वाचते, तुमच्या फीची सोय होते, कंपनीचाही आकडा जुळतो. मग मनात कुठेतरी खुपतं ते काय?

आधी शब्द नीट करून घेऊ. आपण सर्रास ज्याला 'ले-ऑफ' म्हणतो, त्याचा आपल्या कामगार कायद्यातला अर्थ वेगळाच आहे. काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं म्हणजे ले-ऑफ. कायमचं कमी करणं म्हणजे छाटणी. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात छाटणीची व्याख्या होती आणि स्वेच्छानिवृत्ती त्यात येत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही हा फरक राहिला आहे. म्हणजे तुम्हाला 'काढलं' की तुम्ही 'गेलात', यावर पुढचं सगळं ठरतं.

छाटणी झाली तर नोटीस किंवा नोटिशीचा पगार आणि दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा पगार, म्हणजे तुमच्या केसमध्ये ४५ दिवसांचा. नव्या संहितेप्रमाणे नवं कौशल्य शिकण्यासाठी आणखी १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम. शिवाय कंपनीने पुन्हा भरती काढली, तर छाटलेल्यांना आधी विचारायचं. राजीनामा दिलात, तर यातलं काहीही हक्काचं नाही. आणि मोठ्या कंपन्यांची ती गलेलठ्ठ व्हीआरएस? तिची करसवलत मिळायला आयकर नियमांप्रमाणे वयाची ४० किंवा नोकरीची १० वर्षं पूर्ण लागतात. तिशीच्या आतल्यांनी त्या पॅकेजची स्वप्नं न पाहिलेलीच बरी.

आता ईएसआयचे पैसे. जुलै २०१८ मध्ये 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' सुरू झाली. नोकरी गेल्यावर नवी शोधेपर्यंत आधार, जास्तीत जास्त ९० दिवस आणि तोही आयुष्यात एकदाच. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे. कोविडच्या काळात, २४ मार्च २०२० पासून ते ५० टक्के झाले. १८ हजार पगारावर ९० दिवसांचे साधारण साडेसव्वीस हजार होतात. त्यासाठी तुमच्या पगारातून महिन्याला ०.७५ टक्के, म्हणजे १३५ रुपये जातात. कंपनी भरते ३.२५ टक्के, म्हणजे ५८५. तेव्हा घरचे "फुकटचे पैसे कशाला घ्यायचे?" म्हणाले, तर सॅलरी स्लिप दाखवा. हा विमा आहे, आणि विम्याचे पैसे घेण्यात लाज कसली?

पण विमा म्हटला की त्याची अटही आली. गैरवर्तनामुळे काढलेल्यांना, निवृत्त झालेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ही मदत नाही. स्वतःच्या गाडीला स्वतःच ठोकर मारून क्लेम करता येत नाही, तसंच हे.

एवढं सोपं असतं तर हा लेख इथेच संपला असता. पण 'स्वेच्छा' हा शब्दच फसवा आहे. पनवेलहून दिवा-रोहा गाडीत बसा. सोमाटण्यानंतर रसायनी येतं. तिथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा मोठा कारखाना होता. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथले प्रकल्प बंद करायला मंजुरी दिली. अपवाद एकाच प्रकल्पाचा, रॉकेटसाठी लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा. तो इस्रोकडे द्यायचं ठरलं. जमिनीचा मोठा तुकडा भारत पेट्रोलियमला विकायचं ठरलं आणि त्या एका प्रकल्पाबाहेरच्या कामगारांसाठी मार्ग होता स्वेच्छानिवृत्तीचा. कारखानाच बंद होणार म्हटल्यावर कसली स्वेच्छा? कागदावर सही कामगाराची, निर्णय दिल्लीतला. पनवेल, मोहोपाडा, खोपोली पट्ट्यात राहणाऱ्या कुणाच्या काकांना किंवा शेजाऱ्यांना विचारा, या शब्दाबद्दल ते काय म्हणतात.

तर मला वाटतं, प्रश्न 'मी हात वर केला का' एवढाच नाही. मी हात वर केला नसता, तर ती जागा राहिली असती का, हाही आहे. तुमच्या सेक्शनमधून एक माणूस जाणार हे ठरलेलं होतं. कोण जाणार एवढंच तुम्ही बदललंत. कायद्याचा नियम आहे, शेवटी आलेला आधी जाणार. पण कारण नोंदवून मालक तो क्रम बदलू शकतो. तसं करून कंपनीने तुम्हाला छाटणीचं पत्र दिलं, भरपाई दिली, तर त्या भरपाईत मला काडीचंही गैर दिसत नाही. मित्राला वाचवलंत म्हणून कुणी तुम्हाला दंड का करावा?

ईएसआयच्या पैशांबद्दल मात्र मी इतका मोकळा नाही. ते कंपनीचे नाहीत, सगळ्या विमाधारकांच्या खिशातून आलेले आहेत आणि नवं काम शोधणाऱ्यासाठी ठेवलेले आहेत. जूनपर्यंत तुम्ही खरोखर काम शोधणार असाल, मिळेल ते करणार असाल, तर ईएसआयच्या शाखेत जाऊन खरी हकीकत सांगा आणि बसतं का विचारा. पण ॲडमिशन पक्की करून, एकही अर्ज न करता ते साडेसव्वीस हजार घेणं म्हणजे टपरीवरच्या सल्लागाराला स्कॉलरशिप वाटली तरी ती स्कॉलरशिप नाही. आणि राजीनामा देऊन वर "जरा छाटणी असं लिहा ना" म्हणून एचआरच्या मागे लागणं तर सरळ खोटं. मित्रासाठी केलेली गोष्ट तिथे वेगळीच होऊन बसते.

तुम्ही म्हणाल, एवढा सोवळेपणा आम्हीच का पाळायचा? रास्त आहे. कारण उलटं खोटं फार मोठ्या प्रमाणावर चालतं. माणसाला काढायचं, पण कागदावर राजीनामा घ्यायचा. मुलाला खोलीत बोलवायचं आणि सांगायचं, "रिझाइन कर, एक्स्पीरियन्स लेटर चांगलं देतो, नाहीतर रेकॉर्ड खराब होईल." पनवेलहून रोज ऐरोली-महापेला जाणाऱ्या आयटीवाल्यांना हे नवं नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जणांना कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी सक्तीच्या राजीनाम्यांचाच मुद्दा पुढे आणला होता. त्यातल्या बहुतेकांना ईएसआय लागूही नाही, कारण पगाराची मर्यादा २०१७ पासून महिना २१ हजारांवर आहे. २५ हजार मिळवणाऱ्या पोराची नोकरी गेली, तर त्याच्यासाठी असा विमाच नाही. व्यवस्थेतलं हे भोक साडेसव्वीस हजारांच्या चलाखीपेक्षा कितीतरी मोठं आहे.

म्हणून समोर कागद आला की घाई करू नका. तो राजीनामा आहे, स्वेच्छानिवृत्ती आहे की छाटणीची नोटीस, ते वाचा. फोटो काढा, एक दिवस मागून घ्या, युनियन असेल तर त्यांना दाखवा. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याचं कारण काय टाकलंय, तेही पाहा. ईएसआयचा दावा केलात आणि ९० दिवसांच्या आत नवी नोकरी लागली, तर मदत रुजू होण्याच्या दिवसापर्यंतचीच मिळते. तेव्हा नव्या नोकरीची तारीख त्यांना लगेच कळवा.